भाजीचं कुपन वटलं. ताटात भाजी वाढली का?

रेशनवर धान्य मिळतं, भाजी मिळत नाही. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे प्राधान्य कुटुंबाला माणशी दरमहा ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य ठरलेलं आहे, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. भाकरी-भाताची सोय त्यातून होते. भाजी आणि फळं मात्र हातातल्या रोख पैशातूनच आणावी लागतात, आणि पैसा कमी पडला की पहिली काट त्यांनाच बसते. सोलापुरात ज्या घरात विड्यांच्या हजारावर किंवा यंत्रमागाच्या पाळीवर मजुरी ठरते, तिथे काम कमी आलं की भाकरीसोबत शेंगाचटणी आणि कांदा एवढ्यावर दिवस निघतो.

हिशोब करून पाहा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत मोठ्या माणसाच्या २००० कॅलरीच्या दिवसभराच्या ताटात ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं आहेत. चार मोठी माणसं म्हणजे रोज २ किलो, महिन्याला ६० किलो. मंडईतला सरासरी भाव ४० रुपये किलो धरला तरी २,४०० रुपये होतात. देठं, साली, बिया यांची तूट अजून धरलेलीच नाही. हा आकडा समोर ठेवला की भाजीसाठी कुपन, सवलत किंवा थेट भाजीची पिशवी देणाऱ्या योजनांची गरज वेगळी पटवून द्यावी लागत नाही. प्रश्न पुढचा आहे. अशी योजना चालवली, तर तिचा उपयोग झाला की नाही हे कसं ओळखायचं?

समजण्यासाठी एक काल्पनिक योजना घेऊ. सोलापुरात एक संस्था ३० वस्त्यांतल्या ६०० कुटुंबांना वर्षभर दरमहा ३०० रुपयांचं भाजी-कुपन देते. वर्षाअखेरीस अहवाल येतो, त्यात ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं: ९२ टक्के कुपनं वटली. सगळे खूश होतात. पण या आकड्यातून एवढंच कळतं की कुपन लोकांनी फेकून दिलं नाही. तीनशे रुपयांची वस्तू कोण फेकून देईल?

एका घरात कुपनाच्या आधी महिन्याला ५०० रुपयांची भाजी येत होती. ३०० चं कुपन हाती आल्यावर तीन गोष्टी होऊ शकतात. घर ८०० ची भाजी आणेल. किंवा ५०० चीच आणेल, त्यातले ३०० कुपनाचे आणि २०० खिशातले, आणि वाचलेल्या ३०० मध्ये किराणा दुकानाची उधारी फेडेल. किंवा मधलंच काहीतरी, समजा ६०० ची आणेल. तिन्ही वेळा कुपन शंभर टक्के वटलं. भाजी मात्र पहिल्यात ३०० ची वाढली, दुसऱ्यात काहीच नाही, तिसऱ्यात १०० ची. दुसऱ्या घराने काही गैर केलं नाही. उधारी फिटली हेही त्या घराच्या भल्याचंच आहे. पण मग ती रोख मदतीची योजना झाली आणि तिला त्याच मापाने मोजलं पाहिजे. भाजीच्या नावाने मांडलेल्या योजनेला प्रश्न एकच विचारायचा: ही मदत नसती तर या घराने जेवढी भाजी खाल्ली असती, त्यापेक्षा किती जास्त खाल्ली?

कुपनाची रक्कम घराच्या आधीच्या भाजीखर्चापेक्षा कमी असेल, तर ते बहुतांशी रोख पैशासारखं वागतं. सवलतीचं तसं नाही. ‘२० रुपयांची भाजी घ्या, १० रुपयांची वर मिळेल’ असं ठरलं, तर ३० ची भाजी २० ला पडते, म्हणजे प्रत्येक पेंडीमागे भाव एक तृतीयांशाने उतरतो आणि जास्त घेण्याचं कारण तयार होतं. कागदावर सवलत सरस दिसते. पण तिच्यात आधी स्वतःचे २० रुपये काढावे लागतात, आणि आठवड्याच्या शेवटी ज्या बाईच्या हातात २० रुपयेही नसतात, ती या योजनेतून आपोआप बाहेर पडते. म्हणून सवलतीच्या योजनेत सरासरी वाढ किती, एवढंच पाहून चालत नाही. सर्वांत कमी मिळकतीच्या घरांचा आकडा वेगळा काढावाच लागतो.

अशा सवलतीची एक मोठी आणि नीट झालेली तपासणी अमेरिकेतली आहे. मॅसॅच्युसेट्स राज्याच्या हॅम्पडेन काउंटीत २०११-१२ मध्ये, तिथल्या सरकारी अन्नसाहाय्य योजनेतल्या सुमारे ५५,००० कुटुंबांतून ७,५०० कुटुंबं चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडली गेली. भाजी-फळांवर अन्नसाहाय्याच्या कार्डातून खर्च केलेल्या प्रत्येक डॉलरमागे ३० सेंट परत, महिन्याला जास्तीत जास्त ६० डॉलर. सवलत मिळालेल्या लोकांचं भाजी-फळांचं खाणं बाकीच्यांपेक्षा २६ टक्क्यांनी जास्त निघालं, म्हणजे दिवसाला साधारण पाव कप. हा आकडा सगळीकडे सांगितला जातो. त्याच तपासणीतले बाकीचे दोन आकडे मात्र मागे पडतात. सामील दुकानांत कार्डावर नोंदलेली भाजी-फळांची खरेदी फक्त ११ टक्क्यांनी जास्त होती. आणि ६० डॉलरची मुभा असताना कुटुंबामागे परत मिळालेली रक्कम महिन्याला सरासरी ३.६५ डॉलर होती. मशीनवरची नोंद खरेदीचा एकच तुकडा पाहते. बाकीच्या दुकानांतली आणि रोखीची खरेदी तिला दिसत नाही. तोंडी सांगितलेल्या खाण्यात जास्त सांगण्याचाही धोका असतो. म्हणून एकाच मापावर विसंबायचं नाही, हा त्यातला आपल्या कामाचा धडा.

सोलापुरात तर मशीनची नोंद आणखीच अपुरी पडेल. लक्ष्मी मंडईत किंवा कस्तुरबा मंडईत पाटी घेऊन बसलेल्या मावशीकडून, दारावर येणाऱ्या हातगाडीवरून आणि आठवडी बाजारातून मिळून एका घराची भाजी येते. कुपन घेणारे त्यातले एक-दोनच असतात.

तुलना कशाशी करायची

सर्वांत सोपी वाटणारी आणि सर्वांत फसवी पद्धत म्हणजे आधी-नंतर. जानेवारीत मोजलं, कुपन दिलं, मे महिन्यात परत मोजलं. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो, पालेभाजी दुपारपर्यंत मान टाकते, आवक घटते, भाव चढतात. थंडीत ढिगाने येणारी मेथी तेव्हा मोजून घ्यावी लागते.

समजा कुपनवाल्या वस्त्यांत जानेवारीत माणशी रोजची भाजी १८० ग्रॅम होती आणि मे महिन्यात १५० झाली. आधी-नंतरचा हिशोब सांगेल की ३० ग्रॅम घटली, योजना फसली. आता तशाच, पण कुपन नसलेल्या वस्त्यांकडे पाहा. तिथे जानेवारीत १७५ होती, मे महिन्यात ११०, म्हणजे ६५ ग्रॅमने घटली. कुपन नसतं तर आपल्या वस्त्यांतही साधारण तेवढीच घट झाली असती. घट ६५ ऐवजी ३० वर थांबली, म्हणजे कुपनाने ३५ ग्रॅम भाजी ताटात टिकवून धरली. याच्या उलटही घडतं. जूनमध्ये सुरू करून डिसेंबरात मोजणारी कुठलीही योजना यशस्वी दिसते, कारण डिसेंबरात सगळ्यांच्याच घरी भाजी वाढलेली असते. म्हणून तुलनेच्या वस्त्या नसतील तर तो अहवाल ऋतूचा अहवाल आहे असं समजावं.

तुलनेच्या वस्त्या निवडायच्या कशा? ‘जो आधी येईल त्याला कुपन’ हा नियम मूल्यमापनाचा जीव घेतो. आधी येणारी बाई म्हणजे जिला बातमी कळली, जिला विड्यांचं सूप बाजूला ठेवून दोन तास रांगेत उभं राहता आलं, आणि बहुधा जिच्या घरी भाजीची आवड आधीपासून होती. अशी घरं कुपन नसतानाही जास्तच भाजी खातात. त्यापेक्षा पात्र वस्त्यांच्या चिठ्ठ्या करून सर्वांसमोर काढाव्यात. पैसा सगळ्यांना पुरणार नसेल तर याहून न्याय्य वाटणी दुसरी नाही. आणि ज्यांची चिठ्ठी या वर्षी निघाली नाही, त्यांना पुढच्या वर्षी कुपन देण्याचं वचन त्याच दिवशी द्यावं. ते लेखी द्यावं.

चिठ्ठी घराची काढावी की वस्तीची? एकाच चाळीतल्या दोन घरांपैकी एकाला कुपन आणि दुसऱ्याला नाही, असं केलं तर अंबाडीची वाटी शेजारी जाणारच. ती जावी, त्यात वावगं काही नाही. पण मग दोन्ही घरांतला फरक पुसट होतो आणि योजना आहे त्यापेक्षा दुबळी दिसते. शिवाय दोघींची भाजीवाली एकच असते. कुपनामुळे तिच्याकडे मागणी वाढून भाव चढला तर कुपन नसलेल्या घराचं नुकसान होतं, आणि ते तुलनेत उलट योजनेच्या फायद्यासारखं दिसतं. म्हणून चिठ्ठी वस्तीची काढणं बरं. त्याची किंमत अशी की जास्त घरं मोजावी लागतात.

किती घरं, हे अंदाजाने ठरवू नये. एक ढोबळ सूत्र आहे. माणसामाणसांतल्या खाण्याचा फरक, ज्याला संख्याशास्त्रात प्रमाण विचलन म्हणतात, त्याला आपण पकडू पाहतो त्या वाढीने भागा, उत्तराचा वर्ग करा आणि १६ ने गुणा. तेवढी घरं प्रत्येक बाजूला लागतात, आणि मग खरी वाढ असेल तर ती हाती लागण्याची शक्यता ८० टक्के असते. विचलन १५० ग्रॅम आणि पकडायची वाढ ५० ग्रॅम असेल तर ३ चा वर्ग ९, गुणिले १६, म्हणजे १४४ घरं. वाढ २५ ग्रॅमच पकडायची असेल तर एकदम ५७६. वाढ निम्मी झाली की घरं चौपट लागतात, हे लक्षात न घेतल्यामुळेच बरीच लहान मूल्यमापनं ‘काही फरक आढळला नाही’ असं लिहून मोकळी होतात. फरक नव्हता की दिसण्याइतकी घरंच मोजली नव्हती, हे वाचणाऱ्याला कळत नाही.

वस्तीची चिठ्ठी असेल तर यात भर पडते, कारण एका वस्तीतली घरं एकमेकांसारखी असतात. हे साम्य ० ते १ या मापात धरतात: ० म्हणजे अजिबात साम्य नाही, १ म्हणजे सगळी घरं अगदी एकसारखी. वस्तीत २० घरं मोजली आणि त्यांच्यातलं साम्य ०.०५ धरलं, तर १ अधिक १९ गुणिले ०.०५, म्हणजे १.९५ ने गुणावं लागतं. १४४ ची २८१ होतात. वर्षभरात घर बदलणारी, गावी जाणारी १५ टक्के धरली तर ३३०. म्हणजे प्रत्येक बाजूला १६-१७ वस्त्या. आपल्या काल्पनिक योजनेत ३० वस्त्या आणि ६०० घरं आहेत. तुलनेलाही तेवढीच घेतली तर गळती धरून ३५ ते ४० ग्रॅमची वाढ पकडता येईल. त्याहून बारीक काही पकडू असं कुणी म्हणत असेल तर मानू नये.

‘काल भाजी काय केली?’

मोजमाप सर्वांत जास्त इथे बिघडतं. सोलापुरात हा प्रश्न विचारला तर उत्तर येईल: शेंगा भाजी. सर्वेक्षण करणारी मुलगी ‘भाजी खाल्ली’ या रकान्यात खूण करील. शेंगा भाजीत दाण्याचं कूट, मसाला, तिखट आणि तेल असतं. भाजी म्हणून मोजावी अशी एकही गोष्ट तिच्यात नसते. मटकीची भाजी, अंड्याची भाजी, डाळीची भाजी यांचंही तेच. आपल्या बोलण्यात भाकरीशी लावून खायची ती भाजी, मग ते कालवण असो की कोरड्यास. त्यामुळे प्रश्न पदार्थाच्या नावाचा विचारायचाच नाही. पातेल्यात काय काय पडलं, किती पडलं, असं विचारायचं.

शहराच्या पूर्व भागात दुसरी अडचण आहे. तिथल्या तेलुगू बोलणाऱ्या घरांत अंबाडी म्हणजे गोंगूरा, चुका म्हणजे चुक्काकूरा, माठ म्हणजे तोटाकूरा. काही घरांत कन्नड चालते आणि पालेभाजीला सोप्पु म्हणतात. मराठीतली छापील यादी वाचून दाखवली तर घरात झालेली भाजी घरातल्याच बाईला ओळखू येत नाही, आणि ती ‘नाही’ म्हणते. यादीत चारही भाषांतली नावं हवीत, उर्दू धरून, आणि विचारणारी त्या भाषेत बोलणारी हवी. चित्रांचा संच सोबत असला तर अर्धं काम सोपं होतं.

चांगली पद्धत चोवीस तासांच्या आठवणीची. ‘काल सकाळी उठल्यापासून आज सकाळी उठेपर्यंत’ अशी वेळ बांधून घ्यायची. पहिल्या फेरीत फक्त काय काय खाल्लं ते, मध्ये न टोकता. दुसऱ्या फेरीत विसरलेलं: चहाबरोबर काही, कामावर काही, कोशिंबीर, तोंडी लावलेली काकडी-मुळा, मुलाच्या हातातलं बोर, कुणाकडच्या कार्यक्रमातलं केळं. तिसऱ्या फेरीत प्रमाण. त्यासाठी घरातलीच वाटी घ्यायची, तिच्यात पाणी भरून मापी भांड्यात ओतायचं आणि मिलिलिटर लिहायचे. ‘एक वाटी’ असं लिहून कधीही पुढे जायचं नाही. एका घराची वाटी १०० मिलिलिटरची असते, दुसऱ्याची १८० ची.

मग पातेल्याचा हिशोब. समजा पालकाच्या दोन पेंड्या आणल्या, वजन ५०० ग्रॅम. देठं आणि पिवळी पानं काढून निवडल्यावर ३८० उरला. तो तुरीच्या डाळीत शिजवून पातेल्यात एकूण १,५०० ग्रॅम पातळ भाजी झाली. नवऱ्याने अडीच वाट्या, म्हणजे ३७५ ग्रॅम घेतली. त्याच्या पोटात ९५ ग्रॅम पालक गेला. शेवटी बसलेल्या बाईला एक वाटी, १५० ग्रॅम मिळाली. तिच्या वाट्याला ३८ ग्रॅम पालक. आता खरेदीवरून हिशोब केला असता तर ५०० भागिले चार, माणशी १२५ ग्रॅम असं आलं असतं. त्या बाईच्या ३८ ग्रॅमपासून हा आकडा किती लांब आहे ते पाहा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला आहे. ज्यांच्यासाठी ही योजना सर्वांत गरजेची, त्यांचंच खाणं घराच्या सरासरीत बुडून जातं. म्हणून प्रत्येक घरातल्या एका ठरावीक प्रौढ स्त्रीचं खाणं वेगळं मोजावं आणि मुख्य निष्कर्ष तोच धरावा. मुलांचं विचारताना शाळेतल्या जेवणाची भाजी स्वतंत्र नोंदवावी. पीएम पोषण योजनेत पहिली ते पाचवीला रोज ५० ग्रॅम आणि सहावी ते आठवीला ७५ ग्रॅम भाजीचं प्रमाण ठरलेलं आहे, आणि ती कुपनाची कमाई नव्हे.

बटाटा वगळावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोज किमान ४०० ग्रॅम फळं-भाज्यांच्या शिफारशीत बटाट्यासारखी पिष्टमय कंदमुळं धरलेली नाहीत. कांदा वेगळ्या रकान्यात ठेवावा. सोलापूर म्हणजे कांद्याची मोठी बाजारपेठ. भाव पडले की घरात कांदाच कांदा होतो आणि ‘भाजी वाढली’ असा आकडा उगाच फुगतो. पालेभाजी, इतर भाजी, फळ, कांदा आणि बटाटा असे पाच रकाने केले की पुढे कुठलीही व्याख्या लावून बेरीज करता येते.

दिवसांची निवडही सांभाळावी. आठवड्याचे सातही दिवस सारख्या संख्येने यायला हवेत, नाहीतर सगळी घरं आठवडी बाजाराच्या दुसऱ्याच दिवशी मोजली जातात. भोगीच्या दिवशी तिळाच्या बाजरीच्या भाकरीबरोबर घरोघरी मिसळीची भाजी असते. वेळा अमावस्येला शेतात भज्जी आणि आंबील असते. त्या दिवसांनंतरची सकाळ टाळावी. श्रावण आणि रमजान टाळता येत नसतील तर दोन्ही बाजूच्या वस्त्या त्याच आठवड्यात मोजाव्यात. एका माणसाचा एकच दिवस मोजला तर गटाची सरासरी ठीक येते, पण ‘किती टक्के लोक ४०० ग्रॅमपर्यंत पोचले’ हे त्यावरून सांगता येत नाही. त्यासाठी निदान काही घरांत, लागून नसलेला दुसरा दिवस मोजावा लागतो.

आणि कुपन वाटणाऱ्या ताईंनी मोजायला जाऊ नये. त्यांच्यासमोर बाई दोन वाट्या जास्तच सांगणार, कुपन बंद होईल या धास्तीने. ही लबाडी नाही, माणूस असंच वागतो. ताडून पाहण्यासाठी काही जणांच्या रक्तातलं कॅरोटिनॉइड (भाज्या-फळांतून येणारं रंगद्रव्य) किंवा क जीवनसत्त्व मोजता येतं. भाजी-फळं वाढली की ही वाढतात. हिमोग्लोबिनवर मात्र योजनेचं यश टांगू नये. पालेभाजीतलं लोह शरीरात कमीच शोषलं जातं, आणि जंत, मासिक पाळीतला रक्तस्राव, बाळंतपणं, गोळ्या घेणं-न घेणं यांचा त्यावर मोठा परिणाम होतो. भाजी खरोखर वाढूनही हिमोग्लोबिन जागचं हलणार नाही आणि चांगली योजना गुंडाळली जाईल.

कुपन बाजारात गेल्यावर

आकडा कमी आला तर कारण बहुतेक वेळा मंडईत सापडतं. पहाटे लिलावात माल उचलणाऱ्या विक्रेत्याला रोख लागते. तिचं भांडवल रोजच्या रोज फिरतं. कुपनाचे पैसे पंधरा दिवसांनी मिळणार असतील तर ती पहिला आठवडा कुपन घेईल, दुसऱ्या आठवड्यात ‘सुट्टे नाहीत’ म्हणेल, तिसऱ्यात सरळ नाही म्हणेल. किंवा कुपनवालीला त्याच पेंडीचा भाव पाच रुपये जास्त सांगेल, आणि तो तिच्या अडकलेल्या पैशाचा मोबदला असेल. दोष तिचा नाही. पैसे त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत तिच्या खात्यात पडले पाहिजेत. मोबाइलवरचं कुपन त्यासाठी सोयीचं. ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झालेलं ई-रुपी एसएमएसवरही चालतं, स्मार्टफोनची गरज नसते. मात्र मोबाइल नवऱ्याकडे असतो अशी घरं किती, हे आधी विचारून घ्यावं.

शंभराचं कुपन ऐंशीला मोडणं आणि कुपनावर तेल-साखर देणं हे दोन्ही होतं. ओळखायचं कसं? एका विक्रेत्याकडची कुपनं ठरावीक दिवशी, पूर्ण रकमेची, एका पाठोपाठ एक वटलेली दिसली की तिथे भाजी विकली गेली नसण्याची शक्यता मोठी. खरी भाजीखरेदी २०, ३५, ४० अशा तुटक रकमांची आणि आठवड्याभर पसरलेली असते. पण चौकशी दंडाने सुरू करू नये. कुपन मोडणाऱ्या घरात त्या दिवशी औषध आणायचं होतं का, हे आधी पाहावं.

भावाची नोंद दर आठवड्याला, तीन ठिकाणी, त्याच वारी, त्याच वेळी करावी. सकाळचा आणि रात्री नऊचा भाव एक नसतो, आणि गरीब घरं बऱ्याचदा रात्री नऊलाच घेतात. पेंडीचा भाव लिहून भागत नाही. टंचाईत भाव तोच ठेवून पेंडी बारीक बांधली जाते, म्हणून प्रत्येक वेळी तीन पेंड्या काट्यावर ठेवून किलोचा भाव काढावा. वाट्याने मिळणाऱ्या टोमॅटो-वांग्यांचंही तसंच.

हिशोब आणि अहवाल

निकाल काढताना ज्या वस्त्यांच्या नावाने चिठ्ठी निघाली तिथली मोजलेली सगळी घरं धरायची, कुपन न वापरलेलीसुद्धा. फक्त नियमित वापरणाऱ्यांचा आकडा सांगणं म्हणजे पास झालेल्यांचीच सरासरी काढणं. वाढ ३५ ग्रॅम असेल तर सोबत तिचा पल्लाही लिहावा: या मोजणीवरून खरी वाढ १० पासून ६० ग्रॅमपर्यंत कुठेही असू शकते. शून्य त्या पल्ल्यात येत नाही, एवढं खात्रीने म्हणता येतं. ‘३५ च’ असं म्हणता येत नाही.

मग पैशाचं. घरातल्या चौघांची सरासरी वाढ ३५ ग्रॅम धरली तर महिन्याला ४.२ किलो जास्त भाजी खाल्ली गेली. कुपनाचे ३०० आणि वाटप, देखरेख, छपाईचे ४५ मिळून ३४५ रुपये लागले. किलोमागे ८२ रुपये पडले, मंडईत भाव ४० असताना. हा आकडा पाहून योजना महाग म्हणण्याची घाई नको. निवडण्यातली तूट धरून ४.२ किलो खाण्यासाठी साधारण ५ किलो भाजी आणावी लागते, म्हणजे २०० रुपयांची. उरलेले १०० रुपये घराच्या दुसऱ्या गरजेला गेले. ते वाया गेलेले नाहीत आणि अहवालात वेगळ्या ओळीत दिसले पाहिजेत. खरी तुलना करायची तर काही वस्त्यांत तेवढीच रक्कम रोख द्यावी आणि तिथली वाढ पाहावी. रोख देऊनही भाजी तेवढीच वाढत असेल तर कुपन छापण्याचा, विक्रेत्यांना जोडण्याचा आणि हिशोब ठेवण्याचा खटाटोप कशासाठी? आणि रोखीपेक्षा कुपनाने दुप्पट-तिप्पट वाढ दिली, तर तो खटाटोप वसूल झाला.

शेवटची मोजणी कुपन बंद झाल्यावर तीन महिन्यांनी करावी. वर्षभर दोडका, चुका, पेरू खाऊन मुलांना त्यांची सवय लागली का, की कुपन संपलं तशी भाजीही संपली, हे तेव्हाच कळतं. हीही मोजणी तुलनेच्या वस्त्यांसह, दोन्हीकडे एकाच पंधरवड्यात. तुलनेच्या वस्त्यांना त्यांचं वचन दिलेलं कुपन ही मोजणी पुरी झाल्यावर, त्याच आठवड्यात सुरू करायचं.